दोन पिवळ्या गोळ्या

रविवारी रात्रीची जेवणे आटोपली की मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढून बसते आणि गोळ्यांचा डबा भरायला घेते. डबा सात कप्प्यांचा आहे. रविवारच्या कप्प्यात संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटच्या अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या जातात आणि उरलेल्या सहा दिवसांच्या कप्प्यांत फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची एकेक. दोन्ही गोळ्या पिवळ्या आहेत. एक जरा फिकी, दुसरी हळदीकडे झुकणारी; पण हा फरक चष्मा लावल्यावर आणि दोन्ही गोळ्या तळहातावर शेजारी ठेवल्यावरच कळतो. हा रंग काही कारखानदाराने हौसेने दिलेला नाही. दोन्ही रेणू मुळातच पिवळे, कारण दोघांच्या पोटात टेरिडीन नावाचे अणूंचे एकच कडे आहे, आणि त्या कड्याला हे नाव पंख या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मिळाले आहे, कारण या घराण्यातले पहिले पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना सापडले ते फुलपाखरांच्या पंखांतल्या रंगात.

संधिवात सुरू झाला त्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. चष्मा बैठकीच्या खोलीत राहिला होता, तो आणायचा कंटाळा केला, आणि सहा दिवसांच्या कप्प्यांत फॉलिक ॲसिडऐवजी मेथोट्रेक्सेट भरले. आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध मी रोज घेत राहिले. पाचव्या दिवशी तोंडात फोड आले, वरणभातसुद्धा गिळवेना, आणि रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी निम्म्याहून खाली उतरलेल्या होत्या. रक्त तपासण्यात ज्या बाईची उभी हयात गेली, तिने हे करावे याची लाज मला तोंडाच्या फोडांहून जास्त वाटली. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतले, फॉलिनिक ॲसिड सुरू केले आणि म्हणाले, "बाई, या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, पण एकीने दुसरीच्या घराला कुलूप लावलेले आहे. तुम्हाला आता जे देतोय ते मागचे दार आहे." कुलपाची गोष्ट मी प्रयोगशाळेच्या पुस्तकातून जाणत होते. पण या बहिणी कुठल्या, वेगळ्या कधी झाल्या आणि त्यांच्यातली थोरली मुंबईची कशी, हे मी नंतर सवडीने वाचत गेले.

मुंबईची म्हणजे परळची. १९२८ साली लूसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून ती उशिरा वैद्यकाकडे वळलेली होती आणि लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात रासायनिक विकृतिशास्त्राचे काम करीत होती. भारतात काम करणाऱ्या डॉक्टर मार्गारेट बाल्फोर यांनी बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी हाती घेतली होती, आणि गरोदर बायकांना होणाऱ्या एका विचित्र पांडुरोगाचा छडा लावण्यासाठी त्यांनी तिला बोलावले. तिचे बस्तान बसले परळच्या हाफकिन संस्थेत, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात. त्याच वर्षी गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप होऊन गेला होता. तिच्यासमोर येणाऱ्या बायका होत्या गिरणगावातल्या कामकरणी आणि पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान घरांतल्या बायका. सातव्या-आठव्या महिन्यात चेहरा पांढराफटक, पायांवर सूज, धाप, जिभेची आग; आणि त्यातल्या कितीतरी बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर जात.

"अंगात रक्त नाही" हे आपल्याकडे इतके सहज बोलले जाते की त्यात दडलेले दोन निराळे आजार सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघांची ओळख अर्ध्या मिनिटात पटते. मी अशी स्मिअर हजारांनी पाहिली आहेत. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून त्याचा जिभेच्या आकाराचा पातळ थर करायचा, वाळला की लिशमनचा रंग चढवायचा, नळाखाली धुवायचा, वर सीडरवुड तेलाचा थेंब सोडून शंभरची भिंग टेकवायची. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी बारीक आणि मधोमध फिकट दिसतात, कडेला रंग आणि आत पोकळी, चकलीच्या एका वेढ्यासारख्या. विल्सच्या बायकांचा आजार त्याच्या उलट होता. त्यात पेशी संख्येने थोड्या, पण एकेक पेशी मोठी, लांबट, रंगाने भरलेली. आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाळ्या असतात तिथे पाच-सहा. पेशीचे अंग वाढत राहते, पण केंद्रकाला स्वतःची नक्कल काढायला लागणारा कच्चा माल मिळत नाही, म्हणून दोन होण्याची वेळ टळत जाते आणि एकच पेशी फुगत राहते. हे कारण आज आम्ही सहज सांगतो. १९२८ साली ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तरीही हे चित्र लोहाच्या कमतरतेचे नव्हे, हे भिंगाला डोळा लावणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते.

विल्सने पहिल्यांदा काय केले, तर जंतू शोधले, कारण त्या काळी सगळ्या शंका जंतूंवर जात. मग ती या बायकांच्या घरांत आणि चुलीपर्यंत गेली. १९३० च्या सुमारास तिचे जे निबंध 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आले, त्यांत तिच्याबरोबर मेहता आणि तळपदे अशी आडनावे आहेत. मुंबईतल्या बायकांचे खाणे आणि राहणे यांची पाहणी विल्स आणि तळपदे या दोन नावांनी छापलेली आहे. तळपदे हे नाव तिथे पाहून मला जो आनंद झाला तो थोडा पोरकट होता, हे मी मान्य करते. पण परक्या बाईला गिरणगावातल्या चुलीपाशी बसून आज काय शिजवले, काल काय खाल्ले, मूल झाल्यापासून भाजी किती वेळा पाहिली, हे विचारायचे, तर कोणीतरी आपले माणूस मध्ये लागतेच. पाहणीत दिसले ते एवढेच की आजार त्या बायकांत जास्त होता ज्यांच्या ताटात भाजी, फळ, दूध आणि मांस जवळपास नसे.

पुढचे काम झाले कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत, निलगिरीच्या थंडीत. तिथे विल्सने मुंबईच्या बायकांचे ताट उंदरांपुढे मांडले. माकडांची पाळी नंतर आली. उंदरांनी तिला पुष्कळ चकवले. त्यांच्या अंगावरच्या उवांतून पसरणारा एक निराळाच जंतू त्यांचे रक्त कमी करीत होता, आणि निष्कर्ष त्यात मिसळून गढूळ झाले. माकडांचे काम स्वच्छ निघाले. बिलिमोरिया या सहकाऱ्याबरोबर तिने दाखवून दिले की अपुऱ्या खाण्यावर ठेवलेल्या माकडांत हुबेहूब तोच मोठ्या पेशींचा पांडुरोग होतो. आणि औषध? ज्याचा दर्जेदार औषधांशी काही संबंध नव्हता असे एक खाणे तिने हाती घेतले. मार्माइट. बर्टन अपॉन ट्रेंट या गावी बिअरच्या भट्ट्यांत तळाशी उरलेल्या यीस्टपासून ते बनवीत. दिसायला काकवी, चवीला खारट कडवट. इंग्रज माणूस ते पावाला फासून खातो. मुंबईच्या बायकांना ते दिले, आणि चारपाच दिवसांत त्यांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. ज्या आधी थकव्याने मान उचलत नसत, त्या जेवायला मागू लागल्या. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला.

विल्सच्या कामातला खरा मुद्दा मार्माइट हा नव्हे, जरी लोक तेवढेच लक्षात ठेवतात. १९२६ साली बॉस्टनच्या मिनो आणि मर्फी यांनी जीवघेण्या पांडुरोगावर यकृत खायला घालून रोगी वाचवले होते, आणि त्यासाठी १९३४ साली व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. सगळे जग तेव्हा यकृताचा अर्क काढून तो शुद्ध करण्यात गुंतलेले होते. विल्सने पाहिले की कच्च्या यकृताने तिच्या रुग्ण बऱ्या होतात, पण यकृताचा अर्क जितका शुद्ध करावा तितका तो त्यांच्या बाबतीत निकामी ठरतो, जरी तोच अर्क बॉस्टनच्या रुग्णांना वाचवतो. म्हणजे शुद्ध करण्याच्या कामात जे गाळून टाकले जात होते, त्यात तिच्या रुग्णांचे औषध होते. आजार दोन, कमतरता दोन. एक पुढे बी-१२ म्हणून १९४८ साली हाती लागली, आणि दुसरीला बरीच वर्षे लोक 'विल्स फॅक्टर' म्हणत राहिले. शुद्धीकरणाच्या मागे सगळे धावत असताना गाळात हात घालायचा, यासाठी जी बुद्धी लागते ती मला फार मोलाची वाटते. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवले जाई की वर जे स्वच्छ दिसते ते काढून घ्या आणि तळाचा गाळ फेका. तीस वर्षे मी तेच केले.

पुढची दहा वर्षे हा पदार्थ निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या नावांनी हिंडत होता. कोणी कोंबडीच्या पिल्लांसाठी लागणारा घटक म्हणे, कोणी दुधातल्या जंतूंना लागणारा. १९४१ साली टेक्सासमधल्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक कुटून त्याचा अंश वेगळा काढला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड असे नाव दिले. चार टन पालक हे चित्र मला नेहमी हसवते. मंडईतल्या भाजीवालीला मी ते एकदा सांगितले, तर ती म्हणाली, "निवडायला कोण बसले होते?"

इथून गोष्ट सुब्बाराव यांच्याकडे जाते, आणि हे नाव मला फार आधीपासून माहीत होते, फक्त माणूस माहीत नव्हता. डीएमएलटीच्या, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या, वर्गात रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत होती फिस्के-सुब्बाराव. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड घालून प्रथिने खाली बसवायची, वरच्या पाण्यात मॉलिब्डेट टाकायचे, मग क्षपण करणारे द्रावण, आणि नळीत हळूहळू निळा रंग उमटायचा. जितका फॉस्फरस तितका गडद निळा. दहा मिनिटे थांबून कलरीमीटरमध्ये वाचन घ्यायचे. त्या निळ्याचा सराव मला इतका झाला होता की यंत्रात नळी ठेवण्याआधी आकडा साधारण सांगता येई. पण सुब्बाराव म्हणजे कोण, हे आम्ही कधी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. फिस्के यांच्या शेजारी जोडलेले ते एक नाव, लॉरेल-हार्डीसारखे.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातल्या भीमावरमचा. त्यांच्या दोन भावांचा आठ दिवसांच्या आत स्प्रू या आजाराने अंत झाला, ज्यात आतडे अन्न शोषून घेत नाही आणि माणूस खाऊनही वाळत जातो. स्वतः सुब्बारावांनाही तो आजार झाला होता, आणि मद्रासच्या वैद्य लक्ष्मीपती यांच्या उपचाराने ते वाचले. मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांनी खादीचा कोट घातला म्हणून शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकाचा रोष झाला आणि पूर्ण पदवीऐवजी खालची एलएमएस हाती पडली. १९२२ साली ते बॉस्टनला गेले. दिवसा शिकायचे आणि रात्री एका हॉस्पिटलात हमालाचे काम करायचे, असा तो काळ होता. तिथेच हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर ती निळ्या रंगाची पद्धत निघाली, स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी यांच्यावरचे मूलभूत काम झाले, आणि तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरला लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या चमूने १९४५ साली फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. मग टॉम स्पाइस यांनी अलाबामात मोठ्या पेशींच्या पांडुरोगावर आणि क्यूबा, पोर्तो रिकोत स्प्रूवर ते वापरले, आणि रुग्ण सुधारले. भावांना ज्याने नेले त्या आजाराचे औषध सुब्बारावांच्या टेबलावर आले, तेव्हा वीसहून जास्त वर्षे लोटली होती. या गोष्टीवर त्यांनी काय म्हटले असेल, हे मी पुष्कळदा मनात रचून पाहिले आहे, पण ते अबोल माणूस होते, म्हणून रचलेले इथे लिहीत नाही.

फॉलिक ॲसिड हाती आले, आणि नव्या औषधाचे जे होते ते त्याचे झाले. ते सगळ्यांना द्यावेसे वाटू लागले. बी-१२ कमी असलेल्या रुग्णांना ते दिले तेव्हा रक्त सुधारले, पण मज्जारज्जू झिजत राहिला आणि माणसे चालता चालता लटपटू लागली. आजही शाकाहारी घरातले कोणी अशक्तपणासाठी परस्पर फॉलिक ॲसिड घेऊ लागले, तर मी आधी बी-१२ तपासायला लावते, ते यामुळे.

सर्वांत मोठी चूक मात्र बॉस्टनमध्ये झाली, आणि तीच या सगळ्या कथेचा सांधा आहे. सिडनी फार्बर हे तिथल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलातले विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे माझ्यासारखे, रोग्यापेक्षा रोग्याच्या काचपट्टीशी अधिक संबंध असलेले. तळघरातल्या छोट्या प्रयोगशाळेत ते बसत. रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने, आलेले मूल तेव्हा आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत जाई, आणि डॉक्टरांच्या हातात रक्त चढवण्यापलीकडे काही नसे. फार्बर यांचा तर्क साधा होता. फॉलिक ॲसिड नसले की अस्थिमज्जेत अर्धकच्च्या पेशी साचतात. ल्युकेमियातही अस्थिमज्जा अर्धकच्च्या पेशींनी भरलेली असते. मग फॉलिक ॲसिड दिले तर या पेशीही पिकतील. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातून आलेल्या उंदरांवरच्या काही निरीक्षणांचाही त्याला आधार होता. सुब्बारावांनी पाठवलेली फॉलिक ॲसिडची संयुगे त्यांनी मुलांना दिली. पेशी पिकल्या नाहीत. ल्युकेमिया आणखी वेगाने वाढला. आगीवर पाणी म्हणून जे ओतले ते रॉकेल निघाले.

इथे मी वाचता वाचता पुस्तक मिटून ठेवले होते. ती मुले कोणाची तरी होती. त्यांना आधीच वाचवता येणार नव्हते, हे खरे आहे, आणि त्यांचे उरलेले दिवस या प्रयोगाने कमी झाले असावेत, हेही खरे असू शकते. ही दोन वाक्ये एकमेकांना खोडत नाहीत आणि एकमेकांची भरपाईही करीत नाहीत. आज कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग त्या पद्धतीने होऊ देणार नाही, आणि तिने होऊ देऊ नये असेच माझे मत आहे. पण तेच मत बाळगून मी दर रविवारी चार गोळ्या गिळते.

फार्बर यांनी मात्र चूक झाकली नाही. त्यांनी ही वाढ नोंदवली, आणि तिच्यातून उलटा तर्क काढला. दिल्याने पेशी फोफावतात, तर त्यांची उपासमार केली की त्या मराव्यात. उपासमार करायची तर फॉलिक ॲसिडसारखा दिसणारा, पेशीने फसून आत घ्यावा असा, पण आत गेल्यावर काहीच काम न करणारा तोतया हवा. तो लेडर्लीत तयारच होत होता. डोरिस सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली टेरिडीनच्या कड्यावर एका ठिकाणी ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसवला होता. रेणूत एवढाच काय तो फरक. त्याचे नाव ॲमिनॉप्टेरिन. तो पेशीतल्या एका विकराला, जो फॉलिक ॲसिडला कामाच्या रूपात आणतो, असा घट्ट चिकटतो की खऱ्याला जागाच उरत नाही. किल्लीसारखी दिसणारी वस्तू कुलपात गेली आणि आतच मोडली, तर मागून खरी किल्ली घेऊन आलेल्याने काय करावे, तसे.

२८ डिसेंबर १९४७ रोजी बॉस्टनमध्ये एका दोन वर्षांच्या मुलाला ॲमिनॉप्टेरिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याच्या पांढऱ्या पेशी वाढत चालल्या होत्या, त्या उतरू लागल्या. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरांपैकी कित्येकांना हे सगळे पटत नव्हते. या लेकरांना शांतपणे जाऊ द्या, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात निष्ठुरपणा नव्हता. ३ जून १९४८ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख आला. १६ मुलांना औषध दिले होते, १० सुधारली होती. सुधारली म्हणजे काहींचे रक्त जवळपास निरोगी दिसू लागले, सुजलेल्या प्लीहा आकसल्या, मुले उठून चालू-खेळू लागली. लेखाच्या शीर्षकातला पहिलाच शब्द आहे, 'तात्पुरती'. तात्पुरती सुधारणा. आजार परत आला, आणि तेव्हा औषध चालले नाही. इतक्या मोठ्या शोधाच्या दारावरच हा शब्द लावायला जो प्रामाणिकपणा लागतो, तो हल्ली कमी दिसतो, हे वर्तमानपत्रांतले औषधांविषयीचे मथळे वाचताना दर आठवड्याला जाणवते. सुब्बारावांनी हा लेख पाहिला, आणि दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी ते झोपेतच हृदयविकाराने गेले.

ॲमिनॉप्टेरिन फार तिखट निघाले. त्याच्यावर आणखी एक छोटा मिथाइल गट चढवलेली धाकटी म्हणजे मेथोट्रेक्सेट, आणि तिच्याशी वागणे थोडे सोपे होते. १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेतून उद्भवणाऱ्या कर्करोगावर ते वापरले, आणि फुफ्फुसांत पसरलेली गाठसुद्धा केवळ औषधाने पूर्ण गेल्याचे दाखवून दिले. ली यांनी गाठी दिसेनाशा झाल्यावरही गाठीतून स्रवणारे लघवीतले संप्रेरक शून्यावर येईपर्यंत औषध चालू ठेवले. रोगी बरा दिसत असताना विष देत राहण्याचा हा हट्ट वरिष्ठांना रुचला नाही आणि त्यांना तिथून जावे लागले. पुढे तोच हट्ट बरोबर ठरला. संधिवातावर ॲमिनॉप्टेरिन वापरून पाहिल्याची नोंद गुबनर यांनी १९५१ सालीच केली होती, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. कर्करोगाच्या मानाने नगण्य मात्रेत, आठवड्यातून एकदा, मेथोट्रेक्सेट संधिवाताला द्यायचे, हे रुळायला ऐंशीचे दशक उजाडले. या थोड्या मात्रेत ते केवळ उपासमार करून काम करीत नाही. म्हणूनच सोबत फॉलिक ॲसिड घेऊनही सांध्यांची सूज उतरलेली राहते आणि तोंड, पोट, रक्त सांभाळले जाते. माझी उजवी मूठ सहा वर्षांपूर्वी मिटत नव्हती. आता मी नारळ खवते.

गेल्या हिवाळ्यात एका नातेवाइकाला भेटायला परळला जावे लागले, टाटा हॉस्पिटलात. परत निघताना मी मुद्दाम हाफकिनच्या फाटकापर्यंत चालत गेले. अंतर पाच-सात मिनिटांचे, आणि तेही गर्दीमुळे. पदपथावर गावाकडून आलेली माणसे सतरंज्या टाकून बसली होती. एका आईच्या मांडीवर केस गेलेली, तोंडाला मास्क लावलेली चारेक वर्षांची मुलगी होती आणि ती बिस्किटाचा पुडा दातांनी उघडण्याच्या खटपटीत होती. लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात मेथोट्रेक्सेट आजही असते, इतर औषधांच्या जोडीने, आणि आता बहुसंख्य मुलांच्या बाबतीत 'तात्पुरती' हा शब्द लिहावा लागत नाही. १९३१ साली, विल्सचा लेख आला त्याच वर्षी, मेहरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या आणि दोराबजींनी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी काढला. १९४१ साली हे हॉस्पिटल उभे राहिले. फाटकाच्या आत जुन्या बंगल्याची कमान दिसली. तिथल्या पहारेकऱ्याला मी विचारले की लूसी विल्स या नावाची काही पाटी आहे का. त्याने आदराने विचार केला आणि म्हणाला, "मॅडम कुठल्या विभागात आहेत?"

मला त्याचे उत्तर आवडले. विल्सलाही आवडले असते, असे वाटते. पाट्यांची तिला विशेष हौस नसावी. ती मोटारीऐवजी सायकलने कामावर जाई, निवृत्तीनंतर चेल्सीत मजूर पक्षाची नगरसेविका झाली, आणि १९६४ साली गेली. तिच्या निबंधांत ज्यांचे रक्त आहे त्या बायका कोण, त्यांतल्या किती नंतर आपल्या मुलांना घेऊन चाळीत परतल्या, हे मात्र कुठेच नाही.

सध्या माझी भाची माहेरपणाला माझ्याकडे आली आहे. सहावा महिना चालू आहे. आशाताई परवा येऊन तिला सरकारी लाल गोळ्यांची पाने देऊन गेल्या, आणि "दुधाबरोबर नको, चहाबरोबर तर नकोच, लिंबाचे पाणी घे," असे दोनदा बजावून गेल्या. पानाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले आहे, लोह ६० मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. भाचीला गोळीने मळमळते, म्हणून ती कुरकुरते आणि माझ्याकडे पाहून म्हणते, "मावशी, तुझ्या बऱ्या आहेत, छोट्या छोट्या." तिने डब्याकडे हात नेला तेव्हा मी ओरडलेच. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट म्हणजे गर्भाचा घातच. ॲमिनॉप्टेरिनने तसे होते हे पन्नासच्या दशकातच कळून चुकले होते. ती दचकली, मग हसली. मी तिला सगळे सांगायला बसले नाही. डबा उचलला, स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे ठेवला, आणि तिच्यासाठी लिंबू कापायला घेतले.